जरा कळ काढ

पहिली कळ आली तेव्हा मी झोपेत कूस बदलत होते. ओलं कापड पिळताना त्याला पीळ बसत जातो तसं पोट एकाएकी आवळलं, आणि कंबरेतून निघालेलं दुखणं दोन्ही बाजूंनी पुढे येऊन ओटीपोटात उतरलं. पोटावर हात ठेवला तर ते कपाळासारखं टणक लागलं. मी श्वास धरून पडून राहिले. थोड्या वेळानं पोट सैल झालं, आतून बाळानं एक सावकाश ढुशी दिली, तेव्हा कुठे श्वास सोडला. मोबाईलवर ३:१० झाले होते.

त्या रात्री मला २९ आठवडे २ दिवस झाले होते. दिवसांत सांगायचं तर २०५. पूर्ण दिवस २८० धरतात, आणि ३७ आठवडे, म्हणजे २५९ दिवस, भरायच्या आत जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं. अंधारात मी वजाबाकी केली. ५४ दिवस कमी पडत होते.

दुसरी कळ ३:२६ला आली. तिसरी ३:३३ला. मग वीसेक मिनिटं काहीच नाही. थांबल्या, असं मी मनाशी म्हटलं आणि नवऱ्याला उठवलं नाही. उजाडेपर्यंत अकरा झाल्या. सकाळी आईचा फोन आला तेव्हा तिला सांगितलं. ती म्हणाली, "अगं, होतं असं मधूनमधून. जरा कळ काढ, बरं वाटेल."

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलं आहे. रांगेत कंटाळले, कळ काढ. भूक लागली, कळ काढ, होतच आलंय. थोडं थांब, धीर धर, हे सांगताना आपण 'कळ' हा शब्द इतका सहज वापरतो की त्यात एक दुखणं आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. त्या सकाळी माझ्या लक्षात आलं. आई मला अक्षरशः तेच सांगत होती. आलेली कळ काढ. सोस. तिच्या आवाजात माया होती आणि काळजीही होती. तिलाही तिच्या वेळी असंच सांगितलं गेलं असणार. मी दुपारपर्यंत कळ काढली. हे लिहिण्याचं कारण ते दुपारपर्यंतचे तास आहेत, आणि त्यानंतर आणखी एकदा घालवलेले तीन तास.

दुपारी तपासणी झाली. पिशवीचं तोंड बंद होतं. आतून केलेल्या सोनोग्राफीत त्याची लांबी ३१ मिलिमीटर भरली. कळा येत असताना ही लांबी ३० मिलिमीटरच्या वर असेल तर येत्या आठवड्यात बाळंतपण होण्याची शक्यता फार कमी, असं डॉक्टरांनी समजावलं. लघवीच्या तपासणीत जंतुसंसर्ग निघाला. मला ना जळजळ होत होती, ना ताप होता. संसर्ग असा गुपचूप राहतो आणि गर्भाशयाला चिडवत राहतो, हे मला ठाऊकच नव्हतं. सात दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. कळांचं एक कारण सापडलं होतं, त्यावर औषध होतं, आणि ते मिळायला उशीर झाला तो फक्त मी 'काढलेल्या' कळांमुळे.

गोळ्या संपल्या, संसर्ग गेला, कळा मात्र गेल्या नाहीत.

यांना खोट्या कळा म्हणतात. शब्द सगळीकडे तोच. तपासणीच्या खोलीत, नातेवाइकांच्या तोंडी, मैत्रिणींच्या निरोपांत. मला या शब्दाचा फार राग यायचा, अजूनही येतो. १८७२मध्ये जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टरनं लिहून ठेवलं की गर्भाशय केवळ बाळंतपणातच नव्हे, तर गर्भारपणभर अधूनमधून आकुंचन पावत असतं. त्या कळांना पुढे त्याचंच नाव चिकटलं. त्याच्या काळी ना सोनोग्राफी होती, ना आजच्यासारखी घरच्या घरी होणारी चाचणी. त्यामुळे पोटावर हात ठेवून जाणवणारं हे आवळणं त्याला दिवस गेल्याची खूण म्हणून महत्त्वाचं वाटलं. ज्या कळेवरून बाई गरोदर आहे हे खरं ठरवायचं, तिलाच आपण खोटी म्हणू लागलो! बायकांना ही खूण त्याच्या कितीतरी आधीपासून पोटात कळत असणार, ते वेगळंच.

खोट्या म्हणण्यामागचा अर्थ मला समजतो. या कळांनी पिशवीचं तोंड उघडत नाही. त्या अनियमित येतात, चालल्यावर किंवा कूस बदलल्यावर, पाणी प्यायल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर विरतात. बाळंतकळा तशा विरत नाहीत. त्यांचं अंतर कमी होत जातं, जोर वाढत जातो. पुस्तकात हा फरक दोन रकान्यांत अगदी स्पष्ट असतो. रात्री तीनला एकाच पोटात दोन्ही रकाने असतात. बहुतेकींना या कळा नुसत्या घट्टपणासारख्या जाणवतात. मला दुखायच्या. बोलता बोलता वाक्य अर्धं राहायचं, हात आधार शोधायचा. दुखणं खरं असताना त्याला खोटं नाव मिळालं की बाई आधी स्वतःवरच संशय घेऊ लागते. आपण फार नाजूक आहोत का? सगळ्याच सोसतात, आपणच का आरडाओरडा करतोय?

कळ सोसण्याहून जड होतं ते प्रत्येक कळेला निकाल द्यावा लागणं. ही खरी की खोटी? निघायचं की थांबायचं? दिवसातून पंधरा-वीस वेळा. दुखणं चाळीस सेकंदांत ओसरायचं, निकालाचं ओझं पुढची कळ येईपर्यंत राहायचं.

नवऱ्यानं एक वही आणली. त्याला वाटलं, लिहून ठेवलं तर डोक्यातला गोंधळ कमी होईल. कळ सुरू झाल्यापासून पुढची सुरू होईपर्यंतचं अंतर लिहायचं, आणि ती किती टिकली ते. सेकंद मोजायला घड्याळाकडे पाहिलं की मला अधिकच भीती वाटायची, म्हणून मी श्वासांत मोजू लागले. आत घेतलेल्यापेक्षा बाहेर सोडलेला श्वास लांबवायचा, जबडा सैल ठेवायचा. दात आवळले की खांदे वर जातात आणि खांदे वर गेले की सगळं अंगच कळ होऊन बसतं. साधारण सहा-सात श्वासांत कळ यायची, शिगेला जायची, उतरायची. शीग तिसऱ्या-चौथ्या श्वासाला. तिथे पोचल्यावर आता उतारच आहे हे माहीत असणं, एवढ्याचाच मला सगळ्यात मोठा आधार झाला. वहीत तो लिहायचा, 'दुपारी १:४५ – ७ श्वास.' त्याच्या सुबक अक्षरात माझं दुखणं वाचताना ते आवाक्यात आल्यासारखं वाटायचं.

बाकीचे उपाय साधे होते. डाव्या कुशीवर, दोन गुडघ्यांमध्ये उशी. भांडंभर पाणी, कारण अंगातलं पाणी कमी झालं की गर्भाशय लवकर चाळवतं. लघवी तुंबू द्यायची नाही. कंबरेवर कोमट पाण्याची धार. जिने आणि जड उचलणं बंद. शरीरसंबंध काही काळ नकोत, हेही डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सरळ सांगितलं, ते बरं झालं. या विषयावर एकमेकांशी कुजबुजत अंदाज बांधायची वेळ आली नाही.

अंथरुणाला खिळून राहायचं का, हा प्रश्न घरात सगळ्यांनी विचारला, आणि उत्तरही सगळ्यांनी आपापलं दिलं. पडून राहा, पाय खाली ठेवू नकोस. पोटातलं बाळ खाली घसरेल अशी काहीतरी कल्पना त्यामागे असते. डॉक्टरांनी मात्र स्पष्ट नकार दिला. पूर्ण विश्रांतीनं अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण टळतं असं अभ्यासांतून दिसलेलं नाही. उलट पायांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो, स्नायू आणि हाडं अशक्त होतात. थकलात की पडा, बरं वाटलं की उठा, असं त्यांचं सांगणं. हे ऐकून मला मोकळं वाटलं आणि भीतीही वाटली. पडून राहणं हे निदान 'काहीतरी करणं' तरी होतं. ते हातातून गेल्यावर उरलं ते लक्ष ठेवणं, आणि गरज पडली की बोलणं.

बोलण्यातच मी पुन्हा चुकले.

तिसाव्या आठवड्यात एका रात्री तासात सात कळा झाल्या. आम्ही गेलो. पोटाला दोन पट्टे बांधले, एक बाळाच्या ठोक्यांसाठी, एक कळांसाठी. यंत्रातून सरकणाऱ्या कागदावर ठोक्यांची रेघ उमटली. कळांची रेघ मात्र जवळजवळ सपाट. मला कळ येत होती, मी पलंगाचा दांडा धरला होता, आणि कागद काहीच म्हणत नव्हता. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी कागद पाहिला, मग माझ्याकडे. "पहिलीच वेळ ना? पहिल्या वेळेला असं वाटतं." वाटतं! आम्ही घरी आलो. गाडीत मी एक शब्द बोलले नाही. नवऱ्यानं विचारलं, तर म्हटलं, काही नाही.

त्या एका शब्दाचा परिणाम दोन आठवड्यांनी दिसला. ३२ आठवडे १ दिवस. संध्याकाळी सातपासून कळा आठ-दहा मिनिटांवर आल्या होत्या, खाली दडपण जाणवत होतं, कंबर एकसारखी ठणकत होती. निघण्याची मर्यादा मला सांगितलेली होती. पाणी पिऊन, कुशीवर पडूनही तासाला सहा किंवा अधिक कळा आल्या तर निघायचं. आणि पाणी गेलं, रक्त दिसलं, बाळाची हालचाल मंदावली तर आकड्याची वाटच पाहायची नाही. माझा आकडा आठला पुरा झाला होता. मी अकरापर्यंत बसून राहिले. पुन्हा तो सपाट कागद नको होता, ती नजर नको होती. दुखण्यापेक्षा लाज मोठी झाली होती. वहीचं त्या दिवसाचं पान आज पाहते तेव्हा आठ ते अकराच्या नोंदींवरून नजर पुढे सरकत नाही.

अकराला नवऱ्यानं वही माझ्या हातातून घेतली, मिटली आणि गाडीची किल्ली उचलली.

त्या रात्री सहा-सहा मिनिटांवर कळा होत्या. तोंड अजून बंद होतं, पण लांबी ३१ची २२ झाली होती. मग सगळं भराभर झालं. गर्भाशय शिथिल करायला निफेडिपिन दिलं, हे मुळात रक्तदाबाचं औषध. स्नायूंच्या पेशींत शिरणारं कॅल्शियम ते अडवतं, त्यामुळे आकुंचन मंदावतं. माझा चेहरा तापला, डोकं ठणकू लागलं. याच्यानं बाळंतपण आठवडेच्या आठवडे पुढे जाईलच असं नाही, दोन दिवस मिळाले तरी पुष्कळ, असं त्यांनी आधीच सांगितलं. दोन दिवसांत काय होणार, असं मला वाटलं. ते दोन दिवस दुसऱ्या इंजेक्शनसाठी हवे होते.

बीटामेथासोन या स्टेरॉइडचं. १२ मिलिग्रॅम, चोवीस तासांच्या अंतरानं दोनदा. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडमध्ये ग्रॅहम लिगिन्स हे डॉक्टर मेंढ्यांवर प्रयोग करत होते. बाळंतपण सुरू कशानं होतं, हे त्यांना शोधायचं होतं. स्टेरॉइड दिलेलं एक कोकरू इतक्या लवकर जन्मलं की ते जगायलाच नको होतं, पण ते श्वास घेत होतं. त्याची फुफ्फुसं वेळेआधी पिकली होती. पुढे लिगिन्स आणि रॉस हाउई यांनी २८२ मातांवर अभ्यास केला आणि १९७२मध्ये तो प्रसिद्ध झाला. हे औषध आईला टोचायचं, वारेतून ते बाळापर्यंत पोचतं, आणि फुफ्फुसांच्या हवेच्या पिशव्या चिकटू न देणारा द्रव लवकर तयार होतो. हे सगळं मी नंतर वाचलं. त्या रात्री मला एवढंच कळलं की या इंजेक्शनला वेळ लागतो, आणि तीन तास मी घरी बसून घालवले होते.

वॉर्डातल्या रात्रपाळीच्या सिस्टर पन्नाशीच्या असाव्यात. पट्टा बांधूनही रेघ फारशी उठेना तेव्हा त्यांनी यंत्राकडे पाहणं सोडलं, हात चोळून गरम केला आणि माझ्या पोटावर वरच्या बाजूला पालथा ठेवला. कळ आली तसा त्यांचा हात तिथेच राहिला. मी श्वास मोजत होते, त्याही मनात काहीतरी मोजत होत्या. कळ ओसरल्यावर म्हणाल्या, "चांगली आहे की. ताई, हा पट्टा वरून दाबून ठेवलेला असतो. कधी आली, किती वेळ होती, ते सांगतो. जोर किती ते त्याला कळत नाही. जरा इकडेतिकडे बसला तर तेही सांगत नाही." मग पट्टा तीन बोटं वर सरकवला. पुढच्या कळेला कागदावर टेकडी उमटली.

मी रडले. कळेमुळे नाही. मागच्या खेपेचं सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी कुणाला दोष दिला नाही. एवढंच म्हणाल्या, "दहा वेळा येऊन परत गेलात तरी चालेल. अकराव्यांदा यायला लाजू नका."

तिसऱ्या दिवशी कळा पुन्हा विरळ झाल्या आणि आम्ही घरी आलो. असं होतं, हे तेव्हा पहिल्यांदा समजलं. अपुऱ्या दिवसांत कळा येतात म्हणून दाखल झालेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास बायका पुढे पूर्ण दिवस भरूनच बाळंत होतात. मात्र अशा रात्री त्यातली कोण थांबणार आणि कोण नाही, हे नक्की सांगता येत नाही, म्हणून प्रत्येकीकडे पाहावं लागतं. मी घरी परतले तेव्हा त्याच वॉर्डात आणखी दोघी होत्या. एकीला सत्ताविसावा आठवडा होता. ती माझ्याकडे पाहून हसली होती. तिचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. ती अजून मनातून जात नाही.

आईला मी फोनवर सगळं सांगितलं, लपवलेले तीन तासही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी तुला कळ काढ म्हणाले होते." मी म्हटलं, "अगं, ते पहिल्या वेळी." "तरी पण." दुसऱ्या दिवसापासून तिचा फोन रोज संध्याकाळी यायला लागला. बरी आहेस ना, असं ती विचारत नसे. "आज किती?" एवढंच. मी सांगायचे, बारा, नऊ, अठरा. ती तिच्याकडच्या दिनदर्शिकेवर आकडा लिहायची. अठरा म्हटलं की "तासाला किती पडल्या?" असा पुढचा प्रश्न. तिनं पुन्हा कधी मला धीर धरायला सांगितलं नाही, आणि मला त्यामुळेच धीर आला.

३४ आठवडे भरले त्या दिवशी डॉक्टर म्हणाल्या, आता कळा सुरू झाल्या तर आपण थांबवणार नाही. मला वाटलं होतं हे ऐकून घाबरायला होईल. उलट खांद्यावरचं काहीतरी उतरलं. आता बाळानं यायचं ठरवलं तर येऊ दे, एवढ्यापर्यंत आम्ही दोघी येऊन पोचलो होतो. तोवर माझा माझ्या शरीराशी दावा चालू होता. एकच काम होतं, धरून ठेवायचं, तेही जमेना, असं मी त्याला मनातल्या मनात बोलायचे. चौतिसाव्या आठवड्यानंतर हळूहळू दिसायला लागलं की तो स्नायू बिचारा रोज पंधरा वेळा आवळत होता आणि पंधराही वेळा सोडत होता. सोडत होता, याकडे मी कधी पाहिलंच नव्हतं. कळेच्या शेवटच्या दोन श्वासांत पोट मऊ होत जातं, आणि तेवढ्यात आतून एक पाय किंवा कोपर फिरतं. त्या दोन श्वासांसाठी मी पुढे पुढे थांबू लागले.

वेण हा जुना शब्द मला या काळात आवडू लागला. 'वेदना'चंच ते झिजलेलं रूप. अनेकवचनी 'वेणा' म्हटलं की त्या बाळंतपणाच्याच असतात. त्यांना खरं-खोटं लागत नाही.

आता हे लिहितेय तेव्हा ती पलीकडच्या खोलीत झोपली आहे, पालथी, एक मूठ गालाखाली. वही माझ्यासमोर आहे. दोन महिन्यांची, मध्ये मध्ये पाण्याचे डाग, एका पानावर फक्त आकडे आणि एका पानावर नवऱ्यानं काढलेला डोंगर, कारण त्या दिवशी कळाच आल्या नाहीत. शेवटचं पान ३८ आठवडे १ दिवसाचं आहे. त्या रात्री मी पहिल्याच कळेला त्याला उठवलं.

'पहाटे ३:५८ – ९ श्वास.
४:०४ – ९ श्वास.
४:०९ – ११ श्वास.
४:१३ –'

इथे आकडा नाही. पुढे त्याचंच अक्षर आहे, पण तिरकं, घाईचं, ओळ सोडून खाली उतरलेलं. 'ती मोजत नाहीये. निघालो.'